अंड्यातली खिडकी

रक्तवाहिन्यांवर औषधाचा परिणाम तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत दुकानातल्या अंड्यांचा उपयोग नाही. ती फलित नसतात, म्हणून खोकी थेट हॅचरीतून येतात. अंडी ३७ अंशांच्या दमट पेटीत तीन दिवस ठेवली, की सुईने दोन-तीन मिलिलिटर पांढरा बलक ओढून घेतात. आतला गर्भ कवचापासून खाली सरकतो, मग वरून खिडकी कापता येते.

सगळं कसब या कापण्यात. कवचाची भुकटी आत पडली तर तिथे दाह होतो, आणि दाह झाला की नव्या रक्तवाहिन्या फुटतात. म्हणजे औषधाने काय केलं ते कळायच्या आधीच निकाल बिघडला. कापणारी संशोधक विद्यार्थिनी त्या वेळी कुणाशी बोलत नाही. खिडकीवर चिकटपट्टी लावून अंडं पुन्हा पेटीत.

आठव्या दिवसापर्यंत गर्भाचा श्वास ज्यावर चालतो तो पडदा लाल जाळ्याने भरून जातो. कर्करोगाच्या गाठीला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्यात, असं संशोधक ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं. त्या वाहिन्या फुटायच्या थांबवता येतील का, हे बघायला हा पडदा स्वस्त आणि सोयीचा. त्यावर हळदीतल्या कर्क्युमिनमध्ये भिजवलेली कागदाची बारीक चकती ठेवतात. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यासाठी डीएमएसओ हे द्रावक लागतं. ते स्वतःच पडद्याला इजा करू शकतं, म्हणून शेजारच्या अंड्यांना नुसत्या डीएमएसओची चकती.

दोन दिवसांनी पट्टी काढली. चकतीभोवतीच्या वाहिन्या विरळ होत्या, काही बाजूने वळून गेलेल्या. मी खूश झालो. तिने मान हलवली. हळदीच्या रंगाने चकती पिवळी दिसते, मग कुठल्या अंड्यात काय आहे ते मोजणाऱ्याला न सांगता कळतं आणि वाहिन्यांचे फाटे नकळत कमी मोजले जातात. म्हणून फोटो काळे-पांढरे करून, नावं झाकून दोघांनी वेगवेगळे मोजायचे. दोघांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा भांडण एकाच गोष्टीवरून: हा फाटा, की एकीवरून दुसरी वाहिनी गेलीय?

आकडे जुळले तरी हळदीच्या दुधाची जाहिरात करायची घाई नको. पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं, आणि इथे ते थेट पडद्यावर ठेवलं होतं. तिच्या वहीत पुढच्या खेपेसाठी ग्रीन टीमधलं ईजीसीजी लिहिलं होतं, आणि खाली दोनदा अधोरेखित: डीएमएसओ कमी.