सोन्याहून पिवळे

सोन्यावर मराठीत म्हणी पुष्कळ. त्या वर्गात शिकवताना माझी वीस वर्षे गेली. पण दगडातून सोने निघते कसे, हे मला कर्नाटकातल्या कोलारच्या खाणगावी एका निवृत्त तमिळ कामगाराने सांगितले. त्याची हयात खाणीवरच्या मिलमध्ये गेली होती.

"सार, दगडात सोने दिसतच नाही," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. आधी दगड फोडायचा, मग पोलादी गोळे भरलेल्या फिरत्या पिंपात पाणी घालून पिठासारखा दळायचा. त्या चिखलात सायनाइड कालवले की सोने विरघळते. ते पाणी गाळून त्यात जस्ताची भुकटी टाकली की सोने पुन्हा खाली बसते. शेवटी मूस. टनभर दगडामागे हाती लागणार ते काही ग्रॅम!

"भीती नाही वाटली?"

"चुना कमी पडण्याची वाटे. चुना घटला की सायनाइडचा विषारी वायू उठतो. पाळीभर लक्ष चुन्यावर. सोन्याकडे बघतो कोण?"

१८८० च्या सुमारास सुरू झालेली ही खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली आणि २००१ साली बंद झाली. मागे उरल्या दळलेल्या दगडाच्या टेकड्या. वारा सुटला की त्यांची धूळ त्याच्या घरात येते.

निघताना त्याच्या पत्नीने कॉफी दिली. तिच्या गळ्यात पिवळा दोरा आणि त्यात हळकुंड. माझी नजर ओळखून तो म्हणाला, "खाण बंद झाली त्या वर्षी ताली गहाण टाकली, सार. ती सुटलीच नाही."

'सोन्याहून पिवळे' हा वाक्प्रचार यंदा फळ्यावर लिहिताना माझा हात क्षणभर थांबला.