टॉर्च लायटर : गॅस भरताना

घेताना गॅसची पातळी दाखवणारी खिडकी आणि ज्योत कमी-जास्त करायचा स्क्रू आहे ना, एवढे पाहावे. चकाकी दुय्यम.

खरी काळजी भरताना. स्क्रू किमानवर आणून लायटर उलटा धरावा, झडप टोकदार वस्तूने दाबून आतली हवा पूर्ण सोडावी. हवा अडकली की टाकी अर्धीच भरते, ज्योत फडफडते. मग गॅसचा डबा वरून उभा दाबावा. ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे लायटर गार पडतो. पाच मिनिटे थांबूनच पेटवावा. हा गॅस हवेहून जड, खाली साचतो. शेगडी किंवा समईजवळ भरणे धोक्याचे. हलक्या प्रतीच्या गॅसमधला तेलकट अंश बारीक जेट तुंबवतो, म्हणून पैसे शुद्ध ब्युटेनवर खर्चावेत. विमानात टॉर्च लायटर नेता येत नाही, चेक-इन बॅगेतूनही नाही.