काचेच्या पोटातला उजेड

स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की (१९२१–२००२) चित्रकार होते आणि यारोस्लाव्हा ब्रिख्तोवा (१९२४–२०२०) शिल्पकार. या चेक दांपत्याने भरीव काचेच्या शिल्पांना आधुनिक कलेत मानाचे स्थान मिळवून दिले. ब्रिख्तोवांचे वडील झेलेझनी ब्रोद या गावातील काचकामाच्या शाळेचे एक संस्थापक; पुढे लिबेन्स्की त्याच शाळेचे प्रमुख झाले. मस्तकाच्या आकाराच्या वाडग्याचे त्यांचे एक चित्र ब्रिख्तोवांनी १९५०च्या दशकाच्या मध्यास काचेत उतरवले आणि दोघांचे जोडकाम सुरू झाले. ते लिबेन्स्कींच्या मृत्यूपर्यंत चालले.

कामाची वाटणी ठरलेली होती. लिबेन्स्की कोळशाने रेखाटन करीत, ब्रिख्तोवा त्यावरून मातीचा नमुना घडवीत. मग नमुन्याचा साचा काढून त्यात काच वितळवली जाई. खरी परीक्षा त्यापुढे, काच निववताना. जाड काचेचे बाहेरचे थर आधी थंड होतात, गाभा मागे राहतो. आकसण्यात फार तफावत पडली की काच तडकते. म्हणून भट्टीचे तापमान अगदी सावकाश उतरवावे लागते. मोठ्या शिल्पाला त्यात कित्येक आठवडे जातात.

त्यांची बरीच शिल्पे एकाच रंगाच्या काचेची आहेत, तरी एकेका शिल्पात फिक्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत छटा दिसतात. ही किमया जाडीची. एखाद्या रंगीत काचेचा एक सेंटिमीटर जाडीचा थर निम्मा उजेड गिळतो असे धरले, तर दोन सेंटिमीटरमधून पाव हिस्सा पार होतो आणि चारमधून जेमतेम सोळावा. चित्रकार छटेसाठी रंग मिसळतो. इथे ती माती किती खोल कोरली यावर ठरते. मागच्या बाजूने पोखरलेली पोकळी समोरून पाहताना उजळ आकृती होऊन उभी राहते. म्हणजे जिथे काचच नाही, तीच जागा डोळ्यांत भरते! पृष्ठभाग ते पुष्कळदा घासून मंद करीत. चकचकीत काचेवर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब उमटते; मंद पृष्ठभाग उजेड विखरून टाकतो आणि शिल्प आतून पेटल्यासारखे वाटते. उजेडाची दिशा बदलली की छटाही सरकतात, त्यामुळे या शिल्पांचे छायाचित्र नेहमीच अपुरे पडते.

कम्युनिस्ट राजवटीत चित्र-शिल्पांवर करडी नजर असे. काचकाम मात्र उपयोजित कलेत मोडत असल्याने अमूर्त आकारांना तिथे मोकळीक मिळाली. ब्रुसेल्सच्या १९५८च्या जागतिक प्रदर्शनात या जोडीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ओसाकाच्या १९७०च्या प्रदर्शनासाठी त्यांनी ‘जीवनाची नदी’ हे सुमारे २२ मीटर लांबीचे शिल्प केले. त्यात त्यांनी सैनिकी बुटांचे ठसे उमटवले होते. १९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्याची ती आठवण होती. या वेळी सरकारला काचेतला अर्थ कळला आणि ठसे काढून टाकावे लागले.