पदवी किंग्स्टनची, दवाखाना इंदूरचा

एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये कॅनडातल्या किंग्स्टन इथल्या क्वीन्स विद्यापीठातून डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इंदूरकडे निघाल्या. ही पदवी सहजासहजी हाती आली नव्हती. १८८२ च्या अखेरीस विद्यार्थिनींबरोबर एका वर्गात बसायला पुरुष विद्यार्थ्यांनी नकार दिला, तेव्हा मुलींचे वर्ग वेगळे काढावे लागले. पुढच्या वर्षी स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालयच निघाले. त्या पहिल्या तुकडीतल्या तिघी १८८४ मध्ये उत्तीर्ण झाल्या. इतक्या झगड्यातून मिळवलेली पदवी घेऊन, ओळखदेख नसलेल्या संस्थानी शहरात जावे असे त्यांच्यातल्या एकीला वाटले, याचा अर्थ काय लावायचा?

एक शंका रास्त आहे. कॅनडात स्त्री डॉक्टरला कोण विचारत होते? तिथे वाव नव्हता म्हणून त्यांनी मिशनची वाट धरली. मग त्यात त्याग तो कसला? मिशनमुळे शिकलेल्या स्त्रियांना मायदेशी न मिळणारी जबाबदारी मिळत असे, हे खरेच आहे. पण वाट अगदीच बंद होती असे मात्र नाही. जेनी ट्राउट यांना १८७५ मध्येच व्यवसायाचा परवाना मिळाला होता आणि त्यांनी टोरांटोत व्यवसायही केला. बीटींच्याच वर्गातल्या एलिझाबेथ स्मिथ यांनी हॅमिल्टनमध्ये दवाखाना चालवला, पुढे किंग्स्टनला अध्यापन केले. म्हणजे घराजवळ राहून नाव कमावण्याची वाट अवघड असली तरी समोर होती. ती बीटींनी घेतली नाही; दोन वर्षांनी पदवी घेतलेल्या मॅरियन ऑलिव्हर यांनीही १८८६ मध्ये इंदूरच निवडले. आपले शिक्षण ही ईश्वराने सोपवलेली ठेव आहे आणि जिथे तिची सर्वांत जास्त गरज आहे तिथेच ती खर्च व्हावी, हा त्या निर्णयामागचा ख्रिस्ती विचार मला करिअरच्या हिशेबापेक्षा अधिक पटतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: औषध हे निमित्त, हेतू धर्मांतराचा. हेतू होता, तो लपवण्यात अर्थ नाही. मिशनला पैसा देणाऱ्या कॅनडातल्या चर्चना दीक्षांच्या बातम्या हव्या असत, आणि शहरातल्या प्रचारावर इंदूरच्या होळकर दरबाराची नाराजी होती. मिशन ब्रिटिश सत्तेच्या छायेत काम करत होते, हेही विसरता येत नाही. तरीही स्त्री डॉक्टरची गरज मिशनने शोधून काढलेली नव्हती. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे तीच मागणी केली होती, आणि त्या वेळी त्या ख्रिस्तीही नव्हत्या. बीटी निघाल्या तेव्हा आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात शिकत होत्या. धर्म न सोडता डॉक्टर होऊन परतायचे, हे त्यांनी जाण्यापूर्वीच जाहीर केले होते. स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठीचा लेडी डफरिन फंड १८८५ चा, म्हणजे त्यानंतरचा. परपुरुषाला नाडी दाखवायची नाही म्हणून अडलेल्या बाळंतिणीचा जीव जात असे. ती होळकरशाहीतल्या मराठी वाड्यातली असो की माळव्यातल्या खेड्यातली. जनान्यातल्या या रुग्णसेवेतून धर्मांतरे अगदी थोडी झाली. मिशनची वाढ झाली ती मुख्यतः दलित जातींत आणि दुष्काळातल्या अनाथ मुलांमध्ये. फळ मिळत नाही म्हणून जनान्यातले काम बंद झाले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. केवळ शिरगणती हाच उद्देश असता तर हा खर्च कशाला चालू ठेवला असता?

बीटी १८८४ मध्ये निघाल्या तेव्हा इंदूरला मिशनचे स्त्रियांसाठी रुग्णालय नव्हते. ते १८९१ मध्ये सुरू झाले. मधली वर्षे भाषा शिकण्यात आणि घरोघरी विश्वास मिळवण्यात गेली. अग्रणी म्हणायचे ते याच काळासाठी, कारण हाताशी उभी व्यवस्था नसताना ती वर्षे काढायची होती. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे बीटींना १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला परतावे लागले, तेव्हा मॅरियन ऑलिव्हर यांच्यामुळे काम थांबले नाही. १९०२ मध्ये याच मिशनमधून मध्य भारतात आलेल्या डॉ. शोने ऑलिव्हर (या वेगळ्या) पुढे भारतातल्या ख्रिस्ती वैद्यकीय संघटनेच्या सचिव झाल्या आणि भारतीय मुलामुलींना पूर्ण वैद्यकीय पदवी देणारे ख्रिस्ती महाविद्यालय व्हावे म्हणून झटल्या. वेल्लोरचे महाविद्यालय ज्या मोहिमेतून वाढले, तिच्यात त्यांचा मोठा वाटा होता.