मुंबई पाहायची, पण बसायचं कुठे?

भाताची झोडणी उरकली आणि नाताळची सुट्टी लागली की डहाणूकडच्या विवळवेढे, चारोटी, कासा, तलासरी या पट्ट्यातल्या पगारदार घरांत एक बेत ठरलेलाच असतो. पोरांना मुंबई दाखवून आणायची. कुणी आश्रमशाळेत शिक्षक, कुणी ग्रामसेवक, कुणी बोईसरच्या कारखान्यात कामाला. पाहायच्या स्थळांची यादी गेल्या चाळीस वर्षांत फारशी हललेली नाही. राणीची बाग १८६२ची, गेटवे १९२४चं, ती कुठे जाणार? तारापोरवाला मत्स्यालय तेवढं गळलं. बदलत गेलं ते दुपारचं जेवण. म्हणून या मुंबईवाऱ्यांचा मागोवा स्थळांवरून घेण्यापेक्षा टेबलांवरून घ्यावा. परगावच्या माणसाला शहरात घटकाभर टेकायला जागा लागते, आणि मुंबईत ती बहुधा काहीतरी खायला मागवल्यावरच मिळते.

ऐंशीच्या दशकात हॉटेलात जेवणं हा मुळात बेताचा भागच नव्हता. एसटीने डहाणू रोड स्टेशन, तिथून शटल किंवा पॅसेंजर, आणि पिशवीत डबा. चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, मिरचीचा ठेचा. डबा उघडायचा तो राणीच्या बागेतल्या झाडाखाली नाही तर चौपाटीच्या वाळूत. हॉटेल लागायचं ते चहापुरतं, आणि तो चहा इराण्याकडे.

इराण्याचं हॉटेल बहुधा नाक्यावर, दोन बाजूंनी उघडं. कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती घेत नसत, ती या मंडळींनी घेतली, असं सांगतात. संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या, बरण्यांतली खारी-नानकटाई. एका चहावर आणि बनमस्क्यावर तासभर बसलं तरी ‘उठा’ म्हणणारं कोणी नसे. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं १९१४चं मेरवान, धोबीतलावचं १९०४चं कयानी ही पश्चिम रेल्वेने येणाऱ्याला सोयीची ठिकाणं. डहाणूकरांच्या दृष्टीने यात एक गंमतही होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून जे जरथुष्ट्री मुंबईत आले, त्यांच्यातल्याच काही घराण्यांनी डहाणू, घोलवड, बोर्डीला चिकूच्या वाड्या उभ्या केल्या. गावाकडे इराणी म्हणजे वाडीचा शेठ. त्याच्या अंगणात वारली मजूर उभ्या उभ्या मजुरी घेणार. मुंबईत त्याच समाजाचा माणूस गल्ल्यावर, आणि गावाकडचा माणूस खुर्चीवर बसून चहा मागवणार. दोन नाण्यांत शहर एवढा मान देत असे.

नव्वदीच्या आसपास डब्याची जागा राइस प्लेटने घेतली. सहाव्या वेतन आयोगाच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, पण महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्या घरांत एवढी चैन बसू लागली होती. उडप्याच्या हॉटेलची मोठी सोय म्हणजे दर बाहेरच्या फळ्यावर लिहिलेला. आत जाऊन लाजायची वेळ नाही. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२मध्ये सुरू केलेलं उडुपी भोजनालय हे या पद्धतीचं नावाजलेलं ठिकाण, पण सहलीला आलेलं कुटुंब जिथे भूक लागेल तिथल्या उडप्याकडे शिरे. दोन राइस प्लेटी, पोरांना एक मसाला डोसा, सांबार मागाल तितकं. मेन्यूकार्ड उजव्या बाजूने, म्हणजे किमतीच्या बाजूने, वाचायची कला इथेच शिकली गेली. वर एसी रूम असे. तिथेही तोच डोसा, फक्त दर चढा. त्या जिन्याची पायरी आमच्याकडची माणसं सहसा चढत नसत.

हॉटेल निवडण्याचा आणखी एक निकष पुरुषांच्या आठवणीत सापडत नाही. बायका आधी विचारत, तिथे संडास-बाथरूम आहे का? पहाटे घर सोडलेल्या बाईला दुपारपर्यंत दुसरी सोय नसे. जेवण बेताचं असलं तरी मोरी स्वच्छ असलेलं हॉटेल पुढच्या वर्षीही लक्षात राही.

दादरला उतरणाऱ्यांचा अनुभव जरा निराळा. स्टेशनजवळ मामा काणे यांचं १९१०चं उपाहारगृह, पुढे शिवसेना भवनाजवळ १९८६चं आस्वाद. इथे थालीपीठ, साबुदाणा वडा, मिसळ मराठीतून मागवता येत असे. हिंदी अडखळत बोलणाऱ्या आजीलाही इथे वेटरशी बोलता येई, हे त्या पदार्थांइतकंच महत्त्वाचं. २०१५मध्ये आस्वादच्या मिसळीला लंडनच्या फूडी हब पुरस्कारात जगातला उत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं गेलं. मिसळीचं नाव झालं हे छानच. पण हिवाळ्याच्या रविवारी दोन लहान मुलं घेऊन दारातल्या रांगेत ताटकळणाऱ्याला त्या कीर्तीचा उपयोग मर्यादित.

या सगळ्या काळात स्वस्त खाणं वाढतच होतं. दादर स्टेशनबाहेर १९६६मध्ये अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापाव सुरू झाला, तो आज चारोटी नाक्यावरही मिळतो. १९९५मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली, २०२०मध्ये दहा रुपयांत शिवभोजन आलं. पोट भरण्याची सोय होत गेली. बसण्याची मात्र आक्रसत गेली. पन्नासच्या दशकात मुंबईत साडेतीनशेच्या आसपास इराणी होते असं म्हणतात, आता काही डझनच उरले. पागडीच्या जागा, वाढलेले भाव, पुढच्या पिढीची अनिच्छा अशी त्याची कारणं. काहींनी बिअर बार काढले, काहींच्या जागी बँका आल्या. उडप्यांपैकीही पुष्कळांनी टेबलं कमी करून उभ्याने खायचे कट्टे लावले.

यातलं चुटपुट लावणारं उदाहरण म्हणजे जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार. १९६४ साली सुरू झालेला हा अरुंद, लांबलचक कॅफे. चित्रकारांना परवडणारा, त्यामुळे कुणालाही परवडणारा. याच इमारतीत वरच्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड होती, आणि तिथे १९७५मध्ये डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं मांडली गेली. म्हणजे आमच्या भागातल्या कुडाच्या भिंती मुंबईच्या भिंतीवर पोचल्या त्या याच पत्त्यावर. २०१५मध्ये समोवार बंद झालं. चित्रं पाहायला आजही पैसे पडत नाहीत, पण पाहून झाल्यावर चहा घेत त्यांच्याविषयी बोलायची ती जागा गेली.

१६ एप्रिल २०१३ला चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि सव्वाशे किलोमीटरचा प्रवास लोकलच्या तिकिटात मावला. नातेवाइकांकडे मुक्काम करायची गरज उरली नाही. आता घरातली कॉलेजला जाणारी मुलंच जेवायची जागा ठरवतात, ती बहुधा मॉलमधली. १९९६ला मुंबईत आलेल्या मॅकडोनाल्डकडे वडीलधारे नाक मुरडतात. पण नीट पाहिलं तर इराण्याचं काम आज तिथेच होतं. दर फळ्यावर, बाथरूम स्वच्छ, आणि एका बर्गरवर तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही. चव परकी आहे, हा आक्षेप खराच. पण इराण्याचा ब्रून पाव तरी कुठे आपल्या चुलीवरचा होता?

मुंबईकरही हिवाळ्यात उलट दिशेने येतात. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचं दर्शन, बोर्डीचा किनारा, गुजरातच्या हद्दीकडे मडक्यात भाजलेलं उंबाडियू. त्यांच्यासाठी महामार्गाच्या कडेला मोठमोठी हॉटेलं झाली आहेत, गाड्या लावायला ऐसपैस जागा आहे. पायी किंवा जीपने आलेला माणूस मात्र नाक्यावरच्या टपरीपाशी उभाच असतो. महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेत मांडवाखाली जेवढं निवांत बसता येतं, तेवढं इथे एरवी बसता येत नाही.

एखादं गाव किंवा शहर पाहुण्याचं किती आहे, हे ठरवायला सोपी कसोटी आहे. खिशात बेताचे पैसे असलेल्या कुटुंबाला तिथे पंख्याखाली, पाण्याच्या ग्लासासह, तासभर बसता येतं का? मुंबईने ही कसोटी शंभर वर्षं सहज पार केली, आणि ती केली इराणी-उडप्यांच्या जोरावर, पालिकेच्या नव्हे. आता बागांच्या, संग्रहालयांच्या आवारात रास्त दराची उपाहारगृहं चालवणं, आणि महामार्गावर एसटीच्या थांब्याशी तशीच सोय करणं, हे सार्वजनिक काम म्हणून हाती घ्यावं लागेल. राणीच्या बागेत पेंग्विन आणण्यापेक्षा ते स्वस्तात होईल.