खुर्ची बदलली, डेस्कटॉप तोच

  बहुमजली कार्यालयात आज कोण कुठल्या संगणकावर बसेल याचा नेम नसेल, तर रोमिंग प्रोफाइल कामी येते. विंडोज एनटीपासूनची ही सोय. लॉगइन करताच तुमचा डेस्कटॉप, सेटिंग्ज आणि फायली सर्व्हरवरून समोरच्या यंत्रावर उतरतात. लॉगऑफ करताना झालेले बदल परत जातात.

गोम आहे ती वजनात. २ जीबीचे प्रोफाइल नव्या यंत्रावर १०० एमबीपीएसच्या जोडणीने उतरायला, जाळे पूर्ण मोकळे असले तरी, २ मिनिटे ४० सेकंद. सकाळी मजलाभर माणसे एकदम बसली, की खुशाल चहा पिऊन या! म्हणून शहाणे प्रशासक ‘फोल्डर रीडायरेक्शन’ लावून डॉक्युमेंट्स थेट सर्व्हरवरच ठेवतात.

एकाच वेळी दोन यंत्रांवर लॉगइन मात्र टाळा. जिथून शेवटी बाहेर पडाल, तिथलीच सेटिंग्ज टिकतात.

आणि विंडोज ७चे प्रोफाइल विंडोज १०ला चालत नाही. सर्व्हरवरच्या फोल्डरच्या नावाला आवृत्तीगणिक वेगळी शेपटी लागते: सातला ‘व्ही२’, दहाच्या २०१६पासूनच्या आवृत्त्यांना ‘व्ही६’.