विज्ञानकथेतील वास्तव व्यक्तिनामे

विज्ञानकथेतील काल्पनिक पात्रास एखाद्या खऱ्या व्यक्तीचे नाव देण्याचा लेखनसंकेत. अमेरिकन विज्ञानकथाकार विल्सन टकर (१९१४–२००६) हे आपल्या दुय्यम पात्रांना स्नेह्यांची व विज्ञानकथाप्रेमी मंडळींची नावे देत. त्यावरून इंग्रजीत या संकेतास ‘टकरायझेशन’ ही संज्ञा रूढ झाली. किरकोळ पात्रांना नावे शोधणे हा लेखकांचा नित्याचा ताप असतो, हेही एक कारण असावे. काही कादंबऱ्यांत खऱ्या व्यक्तीचे चरित्र घेऊन नाव बदललेले असते. येथे नेमके उलट घडते. नाव तेवढे खरे; स्वभाव, व्यवसाय, प्रसंगी ग्रहही निराळा.

लेखकांची अशी आपसांतील थट्टा टकर यांची संज्ञा रूढ होण्यापूर्वीही चाले. रॉबर्ट ब्लॉक यांनी १९३५ मधील एका भयकथेत एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्यावर बेतलेले पात्र, त्यांच्या लेखी अनुमतीने, ठार मारले. लव्हक्राफ्ट यांनी पुढील कथेत ‘रॉबर्ट ब्लेक’ नावाच्या तरुण लेखकाचा बळी घेऊन परतफेड केली.

तथापि नाव नेहमीच निरुपद्रवी नसते. आर्थर सी. क्लार्क यांच्या २०१० : ओडिसी टू (१९८२) या कादंबरीत गुरूकडे निघालेल्या सोव्हिएट यानावरील अंतराळवीरांची ऑर्लव्ह, ब्राइलॉव्हस्की, रुडेंको, कोवाल्योव्ह, मार्चेंको इ. आडनावे आहेत. ती शासनाच्या रोषास पात्र झालेल्या सोव्हिएट मतभेदकांची होत. १९८४ मध्ये मॉस्को येथील तेखनिका-मोलोद्योझी या मासिकातून कादंबरीचे रशियन भाषांतर क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. दोन हप्त्यांनंतर हे साम्य ध्यानात आले, प्रकाशन थांबविण्यात आले आणि दीर्घकाळ संपादक असलेले व्हसिली झाखारचेंको यांना पद गमवावे लागले. पात्रांच्या एखाद्या विधानाने नव्हे, तर केवळ त्यांच्या आडनावांनी हे घडविले. उर्वरित भाग वाचकांपुढे यावयास १९८९ साल उजाडले.

अलीकडे विज्ञानकथा-संमेलनांत आगामी पुस्तकातील पात्रास आपले नाव देण्याचा हक्क धर्मादाय कार्यासाठी लिलावात विकला जातो. तेथे नावाच्या धन्याची संमती उघडच असते. संमतीवाचून घेतलेल्या नावाचे स्वरूप वेगळे. मायकेल क्रायटन यांच्या नेक्स्ट (२००६) या कादंबरीत एका अत्यंत हीन पात्राचे नाव व व्यवसाय, त्यांच्यावर टीका करणाऱ्या एका पत्रकाराशी जुळणारे होते. त्यावरून क्रायटन यांच्यावर सूडबुद्धीचा आरोप झाला.